बॅकअप होता, मग फाइल काहून येत नाही?

२२ सप्टेंबर २०२३च्या रात्री नागपुरात पाऊस लागला आणि उजाडेपर्यंत, अवघ्या काही तासांत, शंभर मिलिमीटरहून जास्त पडला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्राबाहेर आली, आणि अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट या भागांतली तळमजल्याची घरं लोक झोपेत असतानाच पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर रस्त्याच्या कडेनं गाद्या, सोफे, फ्रिज यांचे ढीग लागले. त्या ढिगांत सीपीयूचे डबेही होते. आपल्याकडे सीपीयू टेबलाखाली जमिनीवरच ठेवतात. घरात पाणी शिरलं की तो पहिल्या मिनिटांतच बुडतो.

आमच्या ओळखीच्या एका काकूंचाही बुडाला. त्यांची बॅकअपची हार्डडिस्क मात्र गोदरेजच्या कपाटावर होती, पूर्ण कोरडी. मुलानं नवा लॅपटॉप घेऊन दिला, केबल जोडली, आणि तिसऱ्या दिवशी काकूंचा मला फोन आला. "बॅकअप होता ना रे, मग फाइल काहून येत नाही?"

हे प्रकरण त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे. काकूंना हवी होती ती फाइल काकांची होती. काका शिक्षक. भंडारा-गोंदियाकडच्या शाळांत नोकरी करताना ते झाडीबोलीतले शब्द टिपून ठेवत आणि घरी येऊन संगणकावर उतरवत. १९९८पासून २०१९ साली ते गेले तोवर हे काम चाललं. त्यांचा शब्दसंग्रह कुठंही छापलेला नाही. म्हणून ती फाइल परत येणं ही त्या घरासाठी साधी गोष्ट नव्हती, आणि ती का येत नव्हती हे मला नीट समजून घ्यावंसं वाटलं.

१. नक्कल आणि गाठोडं

बॅकअप दोन तऱ्हांनी होतो. पहिली तऱ्हा म्हणजे सरळ नक्कल. फाइल उचलली, दुसऱ्या डिस्कवर तशीच ठेवली. ती कोणत्याही संगणकावर उघडते. दुसऱ्या तऱ्हेत बॅकअपचा प्रोग्राम तुमच्या शेकडो फाइली एकत्र दाबून त्यांचं गाठोडं बांधतो. जागा कमी लागते आणि जुन्या आवृत्त्याही सांभाळता येतात. पण त्या गाठोड्याची गाठ प्रोग्रामच्या पद्धतीची असते. ती सोडवायला तोच प्रोग्राम लागतो, कधी कधी तर त्याची तीच आवृत्ती.

काकूंच्या डिस्कबरोबर असाच एक प्रोग्राम फुकट आला होता. २०१४पासून तो दर रात्री बॅकअप घेई आणि पडद्यावर हिरवी खूण दाखवी. नव्या लॅपटॉपवर डिस्क उघडली तेव्हा आत फाइलींऐवजी आकडेवजा नावांचे मोठमोठे ठोकळे दिसले. प्रोग्राम नव्यानं उतरवून घेतला, तर नवी आवृत्ती म्हणाली की हा बॅकअप आपल्याला ओळखता येत नाही. एका ओळखीच्या दुकानदाराकडे जुना संगणक शोधून त्यावर जुनी आवृत्ती टाकण्यात आमचा अख्खा दिवस गेला.

हे एकट्या काकूंच्या नशिबी आलं असं नाही. विंडोज एक्सपीच्या काळातला बॅकअप 'बीकेएफ' जातीच्या फाइलीत बांधला जायचा. २००७ साली घरोघरी पोचलेल्या व्हिस्टामध्ये त्या उघडण्याची सोयच नव्हती. मायक्रोसॉफ्टला नंतर फक्त त्या सोडवण्यासाठी वेगळा प्रोग्राम द्यावा लागला. पुढे विंडोज ७चा बॅकअप निराळा, विंडोज ८ची 'फाइल हिस्टरी' त्याहून निराळी. दर काही वर्षांनी गाठ बांधायची रीत बदलली आणि जुनं गाठोडं मात्र तसंच कपाटावर राहिलं.

फाइल हिस्टरीबद्दल एक बारीक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती भल्याभल्यांना चकवते. ती प्रत्येक फाइलीच्या नावाला तारीख-वेळ जोडते आणि ती वेळ जागतिक घड्याळाची असते. आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. सकाळी १०.१५ला बॅकअपमध्ये गेलेली फाइल तिथे पहाटे ४.४५ची दिसेल. १२ तारखेला पहाटे ३ वाजता गेली असेल, तर ११ तारखेच्या रात्री साडेनवाची दिसेल. "मी त्या दिवशी काम केलं होतं, मग त्या तारखेची फाइल का नाही?" असं वाटलं तर आदल्या दिवसाच्या नावाखाली बघा.

२. किराण्याची वही

जुना प्रोग्राम चालू झाला. त्यानं डिस्क वाचली आणि मध्येच थांबला. एक तुकडा खराब आहे, पुढचं काही देता येत नाही. एका तुकड्यापायी पुढचं सगळंच का अडावं, असं काकूंनी विचारलं. त्याचं उत्तर किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीत आहे.

दुकानदार महिन्याच्या पहिल्या तारखेला मागची बाकी लिहितो. नंतर रोज फक्त नवी भर लिहितो: दोन किलो तुरीची डाळ, एक किलो शेंगदाणे. वीस तारखेला किती देणं आहे हे कळायला मागची बाकी आणि एक ते वीस तारखेपर्यंतची प्रत्येक ओळ लागते. बारा तारखेचं पान फाटलं, तर त्यापुढच्या कुठल्याच दिवसाची बेरीज खात्रीनं करता येत नाही.

बॅकअपचं असंच असतं. समजा, तुमच्या सगळ्या फाइली मिळून ४० जीबी भरतात. रविवारी प्रोग्राम पूर्ण बॅकअप घेतो. सोमवारपासून शनिवारपर्यंत रोज जेवढं बदललं तेवढंच घेतो, समजा रोज अर्धा जीबी. आठवड्याला एकूण ४३ जीबी झाले. रोज पूर्ण बॅकअप घेतला असता तर २८० जीबी लागले असते. बचत भरपूर आहे. पण शुक्रवारची स्थिती परत आणायची तर रविवारचं मूळ आणि सोमवार ते शुक्रवार असे पाच तुकडे, सगळे धड हवेत. बुधवारी बॅकअप चालू असताना वीज गेली आणि तो तुकडा अर्धवट राहिला, तर हातात मंगळवारच उरतो.

काकूंच्या घरी नेमकं हेच झालं होतं. पुराच्या तीन आठवडे आधीचा एक तुकडा मोडलेला होता. त्यानंतरच्या एकवीस रात्रींच्या हिरव्या खुणांना अर्थ नव्हता. प्रोग्राम रोजचा तुकडा डिस्कवर लिहिला गेला एवढंच बघत होता. आधीचे तुकडे जागेवर शाबूत आहेत की नाहीत, हे त्यानं कधी तपासलंच नाही.

यावर सोपा उपाय आहे: दर महिन्याला नव्यानं पूर्ण बॅकअप, म्हणजे वहीचं नवं पान आणि नवी बाकी. बहुतेक प्रोग्राममध्ये ही सोय सेटिंगमध्ये असते, आणि 'व्हेरिफाय' किंवा पडताळणी नावाचं बटणही असतं. पडताळणीला वेळ लागतो म्हणून ते बंद ठेवू नका. तो वेळ सत्कारणी लागतो.

३. डी ड्राइव्हवरचं घर

तीन आठवडे आधीचं तर तीन आठवडे आधीचं, असं म्हणून आम्ही पुढे गेलो. फोटो आले. पेन्शनचे कागद आले, नातवाची शाळेची प्रमाणपत्रं आली. काकांचा शब्दसंग्रह आला नाही. बॅकअपच्या यादीत तो कधी नव्हताच.

आपल्याकडे संगणक दुरुस्त करायला येणारा मुलगा हमखास एक सल्ला देतो: "सी ड्राइव्हमध्ये काही ठेवू नका, फॉरमॅट मारलं तर जाईल. सगळं डीमध्ये टाका." विंडोज नव्यानं टाकताना सी पुसला जातो, त्यामुळे सल्ला त्या कामापुरता बरोबर आहे. काकांनी तो अक्षरशः पाळला. पण बॅकअपचे बरेच प्रोग्राम आपणहून फक्त वापरणाऱ्याचे ठरलेले फोल्डर घेतात: डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप. हे फोल्डर सीवर असतात. डी ड्राइव्ह, तिथलं 'काका' नावाचं फोल्डर, या गोष्टी त्याला वेगळ्या दाखवाव्या लागतात. कोणी दाखवल्या नव्हत्या.

सी आणि डी हे पुष्कळदा एकाच डिस्कचे दोन भाग असतात, हेही इथे लक्षात घ्यावं. एकाच खोलीत मधे प्लायवूडची भिंत घालून दोन खोल्या केल्यासारखं आहे ते. एका भागात रंगकाम निघालं तर दुसऱ्या भागात सामान हलवता येतं. पण छत गळलं की दोन्ही भाग भिजतात. काकूंचा सी आणि डी एकाच चिखलात गेला.

तुमच्या घरी आज बॅकअप चालू असेल, तर प्रोग्राम उघडून तो नेमके कोणते फोल्डर घेतो ती यादी वाचा. नुसती कुठल्या डिस्कवर ठेवतो ते पाहू नका. कुठून उचलतो ते पाहा. मराठी घरांत महत्त्वाच्या गोष्टी डीवर, डेस्कटॉपवरच्या 'न्यू फोल्डर (३)'मध्ये, आणि डाउनलोड्समध्ये सापडतात.

४. वॉचमन ओळखत नाही

आलेल्या फोटोंपैकी एक फोल्डर उघडेना. पडद्यावर यायचं: 'ॲक्सेस डिनाईड'. काकू चिडल्या. "माझंच घर, माझाच फोटो, आणि मला परवानगी नाही?"

विंडोज प्रत्येक फोल्डरवर तो कोणाच्या मालकीचा आहे याची नोंद ठेवतं. ती नोंद नावानं नसते, एका लांबलचक क्रमांकानं असते, आणि तो क्रमांक प्रत्येक संगणक आपापला तयार करतो. नव्या लॅपटॉपवर काकूंनी तेच नाव दिलं, तरी क्रमांक नवा निघाला. फ्लॅट स्कीममध्ये नवा वॉचमन आला की तो नाव ऐकून सोडत नाही, रजिस्टरमधला जुना पास मागतो, तसं झालं. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटीत जाऊन मालकी आपल्या नावावर करून घेतली की दार उघडतं. दहा मिनिटांचं काम.

फाइली कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या असतील, तर मात्र दहा मिनिटांत भागत नाही. बिटलॉकरनं बंद केलेली डिस्क नव्या संगणकाला जोडली तर पासवर्ड किंवा ४८ आकडी रिकव्हरी की लागते. त्याशिवाय ती कोणीही उघडू शकत नाही, दुकानदारही नाही. ते ४८ आकडे कागदावर लिहून बँकेच्या पासबुकाजवळ ठेवावेत. त्याच संगणकात ठेवले तर किल्ली कपाटात ठेवून कपाट लावून घेतल्यासारखं होईल.

५. किती वेळ लागेल

लोक इथे धीर सोडतात, म्हणून हिशेब करून दाखवतो. समजा २०० जीबी परत आणायचे आहेत. जुन्या यूएसबी २च्या तोंडातून व्यवहारात सेकंदाला साधारण ३० एमबी येतात. २,००,००० भागिले ३० म्हणजे सुमारे ६,६७० सेकंद, पावणेदोन तासांहून थोडं जास्त. फाइली बारीक आणि हजारो असतील तर दुप्पट-तिप्पट. इंटरनेटवरून आणायचे असतील तर कनेक्शनचा आकडा आठनं भागा, कारण कंपनी बिटमध्ये मोजते आणि फाइल बाइटमध्ये. ४० एमबीपीएसचं कनेक्शन म्हणजे सेकंदाला ५ एमबी. २०० जीबीला ४०,००० सेकंद, अकरा तास. मध्ये वीज गेली तर कोणता प्रोग्राम जिथे थांबला तिथून पुढे सुरू करतो आणि कोणता पहिल्यापासून, हे आधी विचारून घ्यावं.

आणि परत आणताना 'मूळ जागी' हा पर्याय निवडू नका. जुनी फाइल नव्या फाइलीवर बसते आणि कालचं काम पुसलं जातं. नेहमी वेगळं रिकामं फोल्डर द्या, पाहून मग हलवा.

६. डबा उघडला, अक्षरं ओळखेनात

काकांचा शब्दसंग्रह शेवटी भलत्याच ठिकाणी सापडला. वर्ध्याला त्यांच्या बहिणीकडे श्रीखंडाच्या प्लास्टिकच्या डब्यात एक सीडी होती. वर पेननं लिहिलेलं: 'शब्द, २००७'. नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह उसना आणला. सीडी वाचली गेली. फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता सडा.

मराठी माणसाला फाइल परत आणताना होणारा हा सर्वांत खास त्रास आहे, आणि इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शनांत त्याबद्दल फारसं काही सापडत नाही. म्हणून इथे थोडं थांबू.

संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. कोणत्या आकड्याला कोणतं चित्र दाखवायचं हे फाँट ठरवतो. इंग्रजी लहान 'डी'चा आकडा १००, 'ई'चा १०१, 'के'चा १०७. पूर्वी देवनागरीला स्वतःचे आकडे घरगुती संगणकांत मिळत नव्हते, म्हणून फाँट बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. आकडे इंग्रजीचेच ठेवले, चित्रं बदलली. कृतिदेव फाँटमध्ये १००च्या जागी 'क' काढला, १०७च्या जागी काना, १०१च्या जागी 'म'. मग 'काम' हा शब्द १००, १०७, १०१ असा साठवला गेला. कृतिदेव असेल तर तो 'काम' दिसतो. नसेल तर डी, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरं दिसतात. श्रीलिपी, आकृती, आयएसएमचे योगेश आणि सुरेख, प्रत्येकाची वाटणी आपापली. एकाचा 'क' दुसऱ्याच्या घरात भलतंच काही असतो.

युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःचे आकडे १९९१ साली मिळाले: 'क' २३२५, काना २३६६, 'म' २३५०. हे आकडे जगात कुठेही 'काम'च दाखवतात. पण ते आपल्या हातातल्या संगणकांपर्यंत यायला आणखी दहा-पंधरा वर्षं गेली, आणि त्या वर्षांत लिहिलेलं किती तरी मराठी, सहकारी संस्थांची इतिवृत्तं, दिवाळी अंकांची पानं, कवींच्या वह्या, जुन्या वाटणीतच पडून आहे. त्यांचा बॅकअप शंभर टक्के शाबूत असला तरी तो वाचता येत नाही.

काकांचा फाँट कृतिदेव होता. तो टाकला आणि पान जिवंत झालं. काकू काही बोलल्या नाहीत, चष्मा पुसत राहिल्या.

मग ते युनिकोडमध्ये बदलायचं होतं. बदलून देणारे प्रोग्राम आहेत, पण त्यांची एक अडचण समजून घ्यावी. जुन्या फाँटमध्ये डोळ्याला दिसतं त्या क्रमानं टाइप करायचे. 'कि' लिहायचं तर आधी पहिली वेलांटी, मग 'क'. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो, आधी 'क', मग वेलांटी. बदलताना प्रत्येक पहिली वेलांटी उचलून पुढच्या अक्षराच्या मागे न्यावी लागते, आणि रफार अक्षराच्या मागून काढून पुढे आणावा लागतो. जोडाक्षर आलं की प्रोग्राम चुकू शकतो. बोलीतल्या शब्दांत ही चूक ओळखणं तर फारच अवघड, कारण शब्द कोशात नसतो. चुकलेला शब्द आणि खरा शब्द सारखेच अनोळखी दिसतात. म्हणून अशा फाइलीची पीडीएफ आधी करून ठेवावी. तिच्यात फाँट आतच बसतो आणि मूळ रूप निदान पाहता येतं.

७. भिजलेली डिस्क

२००७नंतरचे शब्द भिजलेल्या डिस्कवरच होते. मुलानं ती उन्हात वाळवून दोनदा सुरू करून पाहिली होती. असं कधी करू नये. आतल्या चकत्या वेगानं फिरतात आणि वाचणारं टोक त्यांच्यावर केसाहूनही कमी अंतरावर तरंगतं. चिखलाचा कण त्यात अडकला की चकतीवर ओरखडा उठतो आणि तिथली माहिती कायमची जाते. भिजलेली डिस्क न वाळवता, न सुरू करता, पिशवीत बंद करून माहिती काढून देणाऱ्या प्रयोगशाळेकडे द्यावी.

८. मोठ्यांकडेही हेच

घरगुती माणसाला वाटतं की हे आपल्यालाच जमत नाही. पण ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत एका अभियंत्यानं चुकीच्या सर्व्हरवरची माहिती पुसली. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार उरले. बॅकअपच्या पाच सोयी होत्या, त्यांपैकी एकही वेळेला धड चालली नाही. एक बॅकअप तर रिकामा निघाला, कारण तो घेणारा प्रोग्राम आणि माहिती साठवणारा प्रोग्राम यांच्या आवृत्त्या जुळत नव्हत्या. तो फसल्याच्या सूचना ईमेलनं जात होत्या आणि वाटेतच नाकारल्या जात होत्या. वाचवलं ते सहा तास आधी एकानं हातानं घेतलेल्या प्रतीनं. कंपनीनं हे सगळं लपवलं नाही, तासातासाला जाहीर केलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

त्यांची हातानं घेतलेली प्रत आणि काकांची श्रीखंडाच्या डब्यातली सीडी, दोन्ही साध्या नकला होत्या. गाठोडं नव्हतं. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रो यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नेम त्यातूनच समजतो: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. घराबाहेर म्हणजे वर्धा, अमरावती, लेकीचं घर, जिथे आपल्या नाल्याचं पाणी पोचणार नाही. ऑनलाइन ड्राइव्ह ही घराबाहेरची प्रत होऊ शकते, पण इथे आपण फाइल पुसली की तिकडचीही पुसली जाते आणि गूगल ड्राइव्हची कचरापेटी ३० दिवसांनी रिकामी होते. दोन महिन्यांनी आठवण झाली तर हाती काही लागत नाही.

प्रत माळ्यावर ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि पत्र्याखालचा माळा त्याहून तापतो.

महिन्यातून एकदा कोणतीही एक फाइल बॅकअपमधून काढा आणि ती *दुसऱ्याच्या* संगणकावर उघडा. गाठ सुटते का, तुकडे धड आहेत का, फोल्डर यादीत आहे का, मालकी अडते का, फाँट सापडतो का, हे सगळं त्या एका फाइलीत कळतं. पंधरा मिनिटं लागतात.

काकांच्या टिपणवह्या वरच्या फळीवर होत्या म्हणून वाचल्या. २००७नंतरचे शब्द काकू त्यांतून आता युनिकोडमध्ये उतरवतात, दुपारी जेवण झाल्यावर, दिवसाला दहा-बारा. रविवारी मी पेनड्राइव्ह घरी आणतो, माझ्या लॅपटॉपवर फाइल उघडतो आणि शेवटचा शब्द त्यांना फोनवर वाचून दाखवतो.